सेनापती गायब, देणगीवाल्याला महाराज व्हायचंय... किताब वाटायचे तरी कसे?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा दोन मित्रांसोबत एक ऑनलाइन रोल-प्ले कम्युनिटी चालवतो. काल्पनिक राज्य, दरबार, किल्ले, लढाया, सगळं लिहून खेळायचं, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर. सुरुवातीला आठ-दहा जण होते तेव्हा एक राजा, एक सेनापती, दोन-तीन सरदार आणि उरलेले सगळे 'रयत', एवढ्यावर मस्त चाललं. आता मेंबर साठच्या वर गेलेत आणि किताबांवरून रोज कटकट. पहिल्यापासून सेनापती असलेला मित्र कित्येक महिने फिरकलेला नाही, पण किताब सोडत नाही. सर्व्हरचा खर्च उचलणाऱ्या एका मेंबरला 'महाराज' व्हायचंय. एका मुलीचं कॅरेक्टर स्वतःची फौज बाळगून आहे, तिला सगळे 'राणीसाहेब' म्हणतात आणि ती वैतागलीये. नवे लोक आपल्या नावापुढे 'रयत' बघून लगेच गळतात. आणि एक गट म्हणतो हे सगळं काढा, इंग्रज सरदारांसारखे ड्यूक, अर्ल, बॅरन करा, तेच भारी वाटतं. शेवटी मागणी अशी: "ताई, वरपासून खालपर्यंत एक पक्की उतरंड करून द्या, म्हणजे एकदाचा वाद मिटेल."

अरे, उतरंड देते, खाली आहेच, पण ती लावली की वाद मिटेल अशा आशेवर असशील तर आत्ताच सांगते, नाही मिटणार. तुझंच पत्र परत एकदा वाच. तक्रारी पाच आहेत आणि त्यातली फक्त शेवटची खरोखर नावांबद्दल आहे. सेनापतीची भानगड ही काम न करता पद अडवून बसण्याची, देणगीवाल्याची पैशाच्या बदल्यात मान मागण्याची, त्या मुलीची आणि नव्या लोकांची तक्रार आपल्याला न विचारता आपली जागा ठरवली गेली याची. नावं बदललीस तर हीच भांडणं नव्या नावांनी होतील, आज 'सेनापती का येत नाही' म्हणतायत ते उद्या 'ड्यूक का येत नाही' म्हणतील.

तू एक गोष्ट धरूनच चाललायस, की किताब म्हणजे उंची. कोण वर, कोण खाली, बस. पण ज्या काळातून आपण हे शब्द उचलतोय तिथे नुसती उंची कुणाला परवडत नव्हती. मुघलांची मनसबदारी घे. प्रत्येक मनसबदाराच्या नावापुढे दोन आकडे असायचे, एक 'जात' म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा आणि पगार, आणि दुसरा 'सवार' म्हणजे त्याने किती घोडेस्वार बाळगायचे. दर्जा मोठा आणि सवार कमी असंही चालायचं. म्हणजे मान किती आणि जबाबदारी किती हे वेगवेगळं लिहिलेलं, सगळ्यांना माहीत. शिवकाळातल्या घोडदळात बघ, पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. नाव कानावर पडलं की या माणसाच्या हाताखाली किती जण आहेत हे कळायचं. आता मला सांग, तुमच्या सर्व्हरवर 'सरदार' ऐकल्यावर काय कळतं? की हा तुझा जुना मित्र आहे, एवढंच ना?

म्हणून माझी एक चाळणी आहे, ती आधी लाव. प्रत्येक किताबापुढे दोन ओळी लिहायच्या: या माणसाकडे लोक काय मागू शकतात, आणि हा लोकांकडे काय मागू शकतो. दोन्ही ओळी भरता आल्या तर किताब ठेव. एकच भरता आली तर तो किताब भांडण लावणार हे नक्की, आणि एकही नाही आली तर तो नुसता रंगीत टॅग आहे, त्याला टॅगच म्हण आणि हवा त्याला हवा तो घेऊ दे, काही बिघडत नाही.

आता त्याहून मोठी गडबड, आणि ही फक्त तुमच्याकडे नाही, रोल-प्ले चालवणारे बहुतेक जण हीच करतात. तीन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका शब्दात कोंबल्यात. एक, सर्व्हरवरची खरी सत्ता, म्हणजे कोण मेसेज उडवू शकतो, कोण कुणाला बॅन करू शकतो. दोन, कथेतलं पद, म्हणजे तुझं कॅरेक्टर दरबारात कुठे बसतं. तीन, कम्युनिटीने केलेलं कौतुक, म्हणजे या माणसाने आपल्यासाठी खूप केलंय. तुमच्याकडे 'राजा', म्हणजे तूच, ॲडमिनही, कथेतला राजाही आणि सगळ्यात जुना मेंबरही. त्यामुळे कथेत राजाविरुद्ध बंड करायचं म्हटलं तरी माणूस घाबरतो, की खेळात बंड केलं म्हणून खरंच म्यूट करतील की काय. आणि बंड नसलेल्या सरंजामी दरबारात खेळायला उरतं काय रे? नुसते मुजरे?

तर पहिलं काम, मॉडरेटरना सरंजामी किताब देऊच नकोस. सरळ 'ॲडमिन', 'मॉड' म्हणा. कंटाळवाणं वाटेल, वाटू दे. ज्याच्याकडे बॅनचं बटण आहे त्याचं कॅरेक्टर कथेत साधा शिपाई असलं तरी चालतं, उलट बरंच. आणि ते बटण एकाच्याच हातात ठेवू नका. शिवकाळात किल्ला एकाच्या भरवशावर सोडत नसत, हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे असायचे, एकट्याने परस्पर किल्ला शत्रूला देऊन टाकायची सोयच नाही. तुम्ही तिघे आहातच, तेवढं तरी तयार आहे.

तिसरी गोष्ट, कौतुक, त्यासाठी एक मस्त उदाहरण आहे. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम नावाची संस्था १९६६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सुरू झाली, मध्ययुग प्रत्यक्ष खेळणारे लोक, चिलखत वगैरे घालून. त्यांच्याकडे राजा लढतीच्या स्पर्धेत जिंकून ठरतो आणि काही महिन्यांत पायउतार होतो. एकदा राज्य करून उतरलेल्याला काउंट म्हणतात, दोनदा केलेल्याला ड्यूक. म्हणजे तिथे ड्यूक हा मागे कधीतरी केलेल्या कामाचा मान आहे, आज कुणावर हुकूम चालवायचा परवाना नाही. शिवाय तलवार धरता न येणाऱ्यांसाठी वेगळे मान आहेत, कलाकुसरीसाठी लॉरेल, सेवेसाठी पेलिकन, आणि ते लढवय्यांच्या नाइटच्या बरोबरीचे धरतात. तुमच्याकडे जो कुणी नकाशे बनवतो, जुनी कथानकं नीट जपून ठेवतो, नव्या माणसाला पहिल्या रात्री समजावत बसतो, त्याला आत्ता काय मिळतं? मला वाटतं काहीच नाही, कारण सगळे किताब लढणाऱ्यांना आणि जुन्यांना गेलेत.

तुझा सेनापतीचा प्रश्नही इथेच सुटतो. त्याच्याकडून पद काढून घ्यायचं आणि मान ठेवायचा. आपल्याच इतिहासात बघ, राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधी हे पद काढलं आणि ते अष्टप्रधानांच्याही वर ठेवलं, पण पुढे शाहू महाराजांच्या काळात, १७१३ ला बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले तेव्हापासून खरा कारभार हळूहळू पेशव्यांकडे सरकला. प्रतिनिधी कागदावर वरच राहिले. काम करणाऱ्याकडे सत्ता जातेच, तुम्ही कागद बदला न बदला. तुमच्याकडेही आज लढाया कुणीतरी दुसराच चालवत असणार, आणि त्याला धड नावही नाही, आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, बघ बरं.

नियम मात्र मित्राचं नाव डोळ्यासमोर ठेवून करू नकोस, सगळ्यांसाठी कर. कथेतलं प्रत्येक पद एका पर्वापुरतं, म्हणजे कथेच्या एका टप्प्यापुरतं. पर्व संपलं की सगळी पदं रिकामी, ज्याला हवंय त्याने परत मागायचं. जपानमध्ये तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशांनी, १६३५ मध्ये नियमच करून टाकला होता, प्रत्येक दाइम्योने, म्हणजे मोठ्या सरदाराने, आलटून पालटून एक वर्ष त्यांच्या राजधानीत, एदोला, येऊन राहायचं, आणि तो आपल्या मुलखात असताना बायकापोरं एदोतच. इतकं कडक नको रे बाबा, पण पर्वात अमुक इतक्या दरबारांना हजर राहायचं, नाहीतर पद दुसऱ्याकडे, एवढं तरी हवंच. परीक्षा, नोकरी, आजारपण असेल तर आधी सांगून रजा घ्यायची आणि तेवढ्यापुरता कारभारी नेमायचा, त्यातून कथाही छान निघते, धन्याच्या माघारी कारभारी काय काय करतो ही तर सगळ्यात चविष्ट गोष्ट.

आता देणगीवाला. त्याला वाईट समजू नकोस, खर्च तो उचलतोय आणि बदल्यात मान मागतोय, माणसाचा स्वभावच आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये 'बॅरोनेट' असा नवाच किताब काढला, तो मिळवायला तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च द्यायचा, म्हणजे १०९५ पौंड. सुरुवातीला ठरावीक लोकांनाच देणार म्हणाले, मग पैसा लागत गेला तसा वाटत सुटले आणि त्याची किंमत उतरत गेली. पुढे विसाव्या शतकात तिथे किताबविक्री इतकी बोकाळली की १९२५ ला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तर पैशाने कथेतलं पद विकू नको, एकदा विकलंस की दुसरा जास्त देणारा येईल आणि मग त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणशील? पण त्याला रिकाम्या हातानेही पाठवू नकोस. वेगळा मान दे, 'आश्रयदाता' म्हण, एखादा किल्ला किंवा पेठ त्याच्या कॅरेक्टरच्या नावाने ठेव, नकाशावर कायमचं नाव राहील. महाराज व्हायचंच असेल तर बाकीच्यांसारखं पुढच्या पर्वात उभं राहायचं. आणि खरं सांगू, सगळा खर्च एकाच माणसावर आहे हाच मूळ धोका आहे, तो आधी वाटून घ्या, थोडं थोडं पाच-सहा जणांत, मग त्याच्या रागाचं ओझंही कमी होईल.

नव्या लोकांचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. माणूस हौसेने आला, कॅरेक्टर बनवलं, आणि तुम्ही कपाळावर 'रयत' लावलं. कथेत कुणी स्वतःहून गरीब शेतकरी खेळत असेल तर तो वेगळा मुद्दा, त्याने निवडलंय, आणि चांगला खेळाडू असेल तर तो दरबाराला घाम फोडेल. पण येणाऱ्या प्रत्येकाला खालची जागा आपोआप चिकटवायची नाही. दास, गुलाम, कुणाचा तरी बांधलेला माणूस असले टॅग तर कुणी गंमत म्हणून सुचवले तरी नको. आपल्याकडे वतन म्हणजे फक्त देशमुखी आणि पाटीलकी नव्हती, राबवून घेणारी वतनंही होती, आणि १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते उगाच नाही. तुमच्यातल्या कुणाच्या घरात ही आठवण किती ताजी आहे हे तुला स्क्रीनवरून दिसत नाही.

त्यापेक्षा 'बारगीर' आणि 'शिलेदार' वापर ना. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं, शिलेदार स्वतःचं घेऊन यायचा. तुमच्याकडे नवा माणूस आला की त्याला तयार कॅरेक्टर द्या, नाव, गाव, थोडी पार्श्वभूमी सगळं तुमच्याकडून, तो बारगीर. स्वतःचं कॅरेक्टर स्वतः लिहून आणणारा शिलेदार. यात वर-खाली काही नाही, कोण काय घेऊन आला एवढंच कळतं, आणि ज्याला घाई आहे तो पहिल्याच दिवशी शिलेदार होऊ शकतो.

ओघात आणखी एक सांगते. पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार हे सगळे खरे हुद्दे होते, पण आज ती तुमच्याच मेंबरांची आडनावं आहेत. एखाद्या खऱ्या देशमुखाला 'देशमुख' टॅग दिला नाही आणि दुसऱ्याला दिला, की चेष्टेचं भांडण कधी जातीवर जाईल सांगता येत नाही. आडनाव झालेले हुद्दे टाळ. 'छत्रपती' अजिबात नको, ते भांडण सर्व्हरच्या बाहेर जाईल. सेनाखासखेल, सेनासाहेबसुभा, सरखेल हे ऐकायला इतके रुबाबदार आहेत की मलाही मोह होतो, पण ते गायकवाड, नागपूरकर भोसले, आंग्रे अशा खऱ्या घराण्यांचे किताब, तुमचं राज्य काल्पनिक आहे तर त्या धर्तीवर स्वतःचे बनवा. फक्त फोनच्या स्क्रीनवर मावतील इतके आखूड ठेवा, दीड ओळीचा किताब अर्धाच दिसतो आणि अर्धा किताब फार केविलवाणा दिसतो.

त्या मुलीचं उत्तर सोपं आहे, तिला विचार. 'राणीसाहेब' म्हटलं की लोक विचारतात कुणाची राणी, आणि तिचं कॅरेक्टर कुणाचीच नाही, ती स्वतःच्या जोरावर उभी आहे. पदांची नावं अशी घे की ती कुणालाही लागतील. सचिव, सुमंत, प्रतिनिधी, किल्लेदार, सेनापती, यांना बाई-पुरुष असा फरकच करावा लागत नाही, ड्यूक-डचेसमध्ये तो करावा लागतो, आणि अर्लच्या बायकोला तर काउंटेस म्हणतात, म्हणजे गोंधळ आणखीच. कॅरेक्टर बाईचं आणि खेळणारा मुलगा, किंवा उलट, हे तर रोल-प्लेमध्ये रोजचं आहे, तेव्हा तुमचं 'आले' की 'आल्या' हे ज्याने त्याने प्रोफाइलमध्ये लिहून ठेवावं आणि बाकीच्यांनी ते पाळावं.

राहता राहिला ड्यूक गट. त्यांना हसू नकोस, त्यांना लहानपणापासून ज्या खेळांची ओढ आहे त्यात हेच शब्द होते. पण ती पाच पायऱ्यांची शिडी तरी कुठे एकदम आली? इंग्लंडमध्ये अर्ल आणि बॅरन जुने, ड्यूक १३३७ मध्ये आला, मार्क्वेस १३८५ मध्ये, व्हायकाउंट थेट १४४० मध्ये. मधेच नवी पायरी घातली की जुने लोक कुरकुरतात, तेव्हाही कुरकुरले असणार. १४०२ साली जॉन बोफोर्ट या इंग्रज सरदाराचा गेलेला मार्क्वेस किताब त्याला परत द्यावा असं संसदेने सुचवलं तर त्यानेच नको म्हटलं, हे नाव आपल्या राज्यात परकं वाटतं म्हणून. तुमच्याकडेही तोच निकष लाव, ज्या दरबारात बसायचंय तिथे ते नाव परकं वाटतं का. एकाच दरबारात सुमंत आणि बॅरन शेजारी बसले की कथाच मोडते, पुढे बोलायचं कसं हेच कळत नाही. ड्यूकवाल्यांना समुद्रापलीकडचं वेगळं राज्य काढून दे. त्यांचा वकील आपल्या दरबारात येईल, कोण कुणाला आधी मुजरा करणार यावरून दोन आठवडे कथा चालेल. ते संख्येने कमी पडले तर ते राज्य आपोआप मिटेल, तुला वाईटपणा नाही.

आता तुझी यादी, आणि ही फक्त कथेतल्या पदांची. राजपद एका पर्वाचं. प्रधान, म्हणजे त्या पर्वाचं कथानक हलतं ठेवणारा. सेनापती, लढाया आखणारा आणि निकाल लावणारा. सचिव, काय घडलं याची नोंद ठेवणारा, हे पद सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं, तेव्हा याला मान जास्त द्या. सुमंत, परराज्यांशी बोलणारा. न्यायाधीश, फक्त कथेतले तंटे, मेंबरांची खरी भांडणं याच्याकडे मुळीच न्यायची नाहीत, ती मॉडकडे. ठरावीक चॅनल सांभाळणारे किल्लेदार. मग शिलेदार, बारगीर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ ला, प्रधान आठच होते आणि तेवढ्यात राज्य चाललं, तेव्हा साठ माणसांना तीस किताब करू नकोस. 'सरदार' ठेवायचा तर ज्याच्या मागे निदान तीन-चार ॲक्टिव्ह मेंबर स्वतःहून उभे आहेत त्यालाच, आणि ते पांगले की सरदारकी गेली.

घोषणा करायच्या आधी सेनापती मित्राशी खासगीत बोल, ग्रुपवर अजिबात नाही. फोनच कर. सांग की आम्ही सगळीच पदं पर्वापुरती करतोय, माझं स्वतःचंही जातंय, आणि पहिला सेनापती म्हणून तुझं नाव राज्याच्या नोंदीत कायम राहणार. 'माझंही जातंय' हे खरं असलं पाहिजे हं, तू राजा राहून त्याला उतरवलंस तर तो रागावेल आणि त्याचं बरोबर असेल. तरीही तो चिडलाच तर चिडू दे, त्याच्यासाठी नियमाला अपवाद काढू नकोस. देणगीवाल्याशी त्यानंतर बोल, तेही खासगीत. मग सगळ्यांसमोर नियम टाक, आठवडाभर लोकांना शिव्या घालू दे, सूचना घे, दोन-चार नावं बदलतील, बदलू देत. चालू लढाई अर्धवट असताना काहीच लागू करू नका, ती संपू दे. आणि नव्या पर्वाचा पहिला राजा तुम्ही तिघांनी आपापसात ठरवून टाकू नका, दरबार भरवा, ज्यांना हक्क सांगायचाय त्यांना कॅरेक्टरमध्ये राहूनच तो सांगू दे, आणि त्या दिवशी तुम्ही तिघे फक्त मॉड म्हणून बसा.